बिली मॅकेन्झीच्या डंडीला जाऊन आलो

असोसिएट्स हा बँड आपल्याकडे फारसा कोणाला माहीत नाही आणि खरं सांगायचं तर ब्रिटनमध्येही चाळिशीच्या आतल्या लोकांना विचारलं तर बरेच जण डोकंच खाजवतात, पण ज्यांना माहीत आहे त्यांच्यासाठी बिली मॅकेन्झी म्हणजे ऐंशीच्या दशकातला सगळ्यात मोठा आवाज. मी त्यातलाच एक. कॉलेजात असताना रिदम हाऊसमधून 'पॉपेरा' नावाची त्यांच्या सिंगल्सची कॅसेट घेतली होती, तेव्हापासून डोक्यात होतं की हा माणूस ज्या गावचा ते गाव एकदा बघायचं. गाव म्हणजे डंडी, स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, टे नदीच्या तोंडाशी. ताई लीड्सला असते, तिला म्हटलं येतेस का, तर म्हणाली, "बँड माझ्या ओळखीचा नाही, पण समुद्र आहे ना? मग येते." मे महिन्याच्या शेवटी गेलो.

गुरुवार : एडिंबरा ते डंडी

एडिंबरात आम्ही दुपारपर्यंतच होतो. किल्ला वगैरे बघितला नाही. मला फक्त त्या रस्त्यांवरून थोडं चालायचं होतं कारण बिली आणि ॲलन रँकिन हे दोघं 1976 साली याच शहरात भेटले. बिली गाणारा, रँकिन वाजवणारा, म्हणजे गिटार, कीबोर्ड, जे हाताला लागेल ते सगळंच वाजवणारा. आधी कॅबरेमध्ये, हॉटेलांत लोकांच्या फर्माइशी वाजवत फिरले. मग 1979 मध्ये असोसिएट्स या नावाने पहिलं सिंगल काढलं ते चक्क डेव्हिड बोवीचं गाणं, आणि तेही बोवीचं स्वतःचं सिंगल बाजारात येऊन जेमतेम काही आठवडे झालेले असताना! परवानगी वगैरे काही नाही. मला हा किस्सा फार आवडतो कारण त्या दोघांची सगळी हिंमत त्यात दिसते.

ट्रेनसाठी एक टीप देतो, ही नक्की लक्षात ठेवा. एडिंबराहून डंडीला जाताना उजव्या बाजूच्या खिडकीत बसा. आधी फोर्थचा तो लाल पोलादी पूल (1890 चा), मग फाइफच्या किनाऱ्याने बराच वेळ समुद्र अगदी रुळांच्या शेजारी, आणि शेवटी टेचा पूल. हा 4 किलोमीटरहून जास्त लांब आहे आणि उजवीकडे खाली पाण्यात जुन्या पुलाच्या खांबांचे बुंधे ओळीने उभे दिसतात. तो जुना पूल 28 डिसेंबर 1879 च्या रात्री वादळात ट्रेनसकट कोसळला, ट्रेनमधलं कोणीही वाचलं नाही. ताई ते बुंधे बघून गप्पच झाली. आम्ही गेलो तेव्हा वर ऊन आणि नदीवर मात्र पांढऱ्या धुक्याचा थर, तिकडे त्याला हार म्हणतात, समुद्रावरून अचानक येतो आणि अर्ध्या तासात गाव गायब.

स्टेशनमधून बाहेर पडलं की समोरच व्ही अँड ए हे डिझाइनचं म्युझियम. जपानी आर्किटेक्ट केंगो कुमा यांची बिल्डिंग, 2018 ला उघडली, सिमेंटच्या आडव्या पट्ट्या लावलेला कडाच नदीत पुढे आलाय असं वाटतं. आत जायला तिकीट नाही, फक्त खास प्रदर्शनांना आहे. शेजारीच डिस्कव्हरी जहाज उभं आहे, कॅप्टन स्कॉट अंटार्क्टिकाला गेला ते, 1901 साली इथेच बांधलेलं.

आमचं बी अँड बी चढावर होतं. मालकीणबाई साठीच्या असतील. मी कशासाठी आलोय ते सांगितल्यावर त्यांनी हातातली किल्ली तशीच धरून ठेवली आणि म्हणाल्या, इंडियातून? बिलीसाठी? मग चहा आला, बिस्किटं आली आणि तासभर आम्ही तिथेच. 1982 साली त्या शाळेत होत्या. गुरुवारी संध्याकाळी टीव्हीवर 'टॉप ऑफ द पॉप्स' हा गाण्यांचा कार्यक्रम लागायचा आणि त्यात आपल्या गावचा पोरगा येणार म्हणून त्यांच्या मजल्यावरची सगळी माणसं एका घरात जमली होती. बिली डोक्यावर बेरे टोपी घालून आला आणि गाणं सुरू झाल्यावर त्यांच्या आईने विचारलं, हा खरंच स्वतः गातोय का? तो प्रश्न मला अगदी बरोबर वाटतो. 'पार्टी फिअर्स टू' पहिल्यांदा ऐकणाऱ्या प्रत्येकाला तो पडतो.

शुक्रवार : ताग, साचे आणि रेकॉर्डचं दुकान

सकाळी व्हर्डंट वर्क्सला गेलो. हे ठिकाण माझ्या यादीत खरं तर दुसऱ्या नंबरावर होतं पण आता सांगतो, डंडीला गेलात तर हे चुकवू नका. जुनी तागाची गिरणी आहे, आता म्युझियम. एकोणिसाव्या शतकात जगातला ताग इथे यायचा, बंगालमधून जहाजाने, आणि डंडीच्या बंदरात व्हेल मासे मारणारी जहाजं असल्यामुळे व्हेलचं तेलही आयतं मिळायचं, त्या तेलात ताग मऊ करायचा आणि मग कातायचा. पुढे कलकत्त्यातच गिरण्या उभ्या राहिल्या आणि इथलं काम हळूहळू तिकडे गेलं. शेवटची गिरणी बंद झाली ती थेट 1990 च्या दशकाच्या शेवटी.

आमचे बाबा लालबागला गिरणीत साचेखात्यात होते. त्यामुळे जेव्हा तिथल्या कार्यकर्त्या आजोबांनी यंत्र सुरू करून दाखवलं आणि तो खडखडाट सुरू झाला तेव्हा मी आणि ताईने एकमेकांकडे बघितलं. आजोबा सांगत होते की साच्यांच्या आवाजात काही ऐकू यायचं नाही, म्हणून इथल्या बायका ओठांच्या हालचालींवरून आणि हाताच्या खुणांनी बोलायच्या. हो, बायकाच. डंडीच्या गिरण्यांत कामाला मुख्यतः बायका, कारण त्यांना पगार कमी दिला की भागायचं, आणि नवरे घरी बसून पोरं सांभाळायचे. ताई म्हणाली, "बाबा पण असेच हात करून बोलायचे रे, घरी आल्यावर सुद्धा." मग तिने आजोबांना बाबांची खूण करून दाखवली, पाळी संपली का असं विचारायची, मनगटावर दोन बोटं आपटून. आजोबांनी ती लगेच करून बघितली आणि त्यांच्या आईची एक खूण आम्हाला शिकवली, हनुवटीखाली हाताची पाठ घासायची, म्हणजे मुकादम येतोय.

1982 च्या जानेवारीत आमच्याकडे गिरण्यांचा संप सुरू झाला. त्याच फेब्रुवारीत 'पार्टी फिअर्स टू' आलं आणि ब्रिटनच्या सिंगल्सच्या यादीत नवव्या नंबरापर्यंत गेलं, मे महिन्यात 'सल्क' हा अल्बम. मी तेव्हा लहान होतो, मला यातलं काही कळणं शक्यच नव्हतं, पण त्या यंत्रासमोर उभं राहून हे दोन्ही एकाच वर्षातलं आहे हे पहिल्यांदा नीट जाणवलं. ज्या गावात कामाच्या वेळी माणसाचा आवाज ऐकूच यायचा नाही त्या गावातून असा आवाज निघाला, सगळ्या खडखडाटाच्या वरून जाणारा. हे माझं मत आहे, कोणी पुस्तकात लिहिलेलं नाही, पण मला ते खरं वाटतं.

टीप: व्हर्डंट वर्क्स आणि डिस्कव्हरी जहाजाचं एकत्र तिकीट मिळतं, ते स्वस्त पडतं. हिवाळ्यात सगळे दिवस उघडं नसतं, वेबसाइट बघून जा.

दुपारचं जेवण बेकरीत. इथे ब्रिडी मिळते, अर्धगोल पेस्ट्री, आत बीफचा खिमा. वर एक भोक असेल तर साधी आणि दोन भोकं असतील तर कांदा घातलेली, हे काउंटरवरच्या मुलीने समजावून सांगितलं. ताई बीफ खात नाही, तिला मॅकरोनी पाय मिळाला, कडक कवचात चीज घातलेली मॅकरोनी. ऐकायला विचित्र वाटतं पण थंडीत गरमागरम एकदम भारी लागतं. शाकाहारी लोकांनी स्कॉटलंडमध्ये हा पाय लक्षात ठेवावा, जवळजवळ प्रत्येक बेकरीत असतो.

मग जुन्या रेकॉर्डचं दुकान. असोसिएट्सचा खण वेगळा केलेला होता, नावाची पट्टी हाताने लिहिलेली. दुकानदाराशी बोलताना कळलं की याला बिलीपेक्षा रँकिनबद्दल जास्त बोलायचंय आणि मला फार बरं वाटलं, कारण लोक नेहमी फक्त आवाजाबद्दल बोलतात. 'पार्टी फिअर्स टू'ची ती कीबोर्डची धून रँकिनची. तीच धून पुढे बीबीसी रेडिओ 4 च्या एका राजकीय विनोदी कार्यक्रमाची सुरावट झाली, म्हणजे बँडचं नाव माहीत नसलेल्या लाखो लोकांना ती पाठ होती. 'सल्क' लंडनला माइक हेजेस या निर्मात्याबरोबर रेकॉर्ड केला आणि त्यात एकावर एक इतके थर आहेत की आज हेडफोन लावून ऐकलं तरी दर वेळी काहीतरी नवीन सापडतं. त्याआधीच्या वर्षी 'किचन पर्सन' या गाण्यात बिली व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीतून गायलाय! आणि '18 कॅरट लव्ह अफेअर'च्या वेळी टीव्हीवर रँकिनने चॉकलेटची गिटार आणली होती, हॅरॉड्समधून बनवून घेतलेली. दुकानदार म्हणाला, पैसे असे उडवायला पण कलाकारच लागतो. रँकिन 2023 च्या जानेवारीत गेला. मधली बरीच वर्षं तो ग्लासगोच्या स्टो कॉलेजमध्ये शिकवत होता आणि तिथल्या विद्यार्थ्यांच्या लेबलवरूनच बेल अँड सेबॅस्टियन या बँडचा पहिला अल्बम आला. म्हणजे पुढच्या पिढीलाही त्याने हात दिला. हे किती जणांना माहीत असतं?

शनिवार : ऑख्टरहाऊसची टेकडी

डंडीच्या उत्तरेला सिडलॉ टेकड्या आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी ऑख्टरहाऊस गाव. बिलीचं कुटुंब पुढे तिकडे राहायचं, त्याचे व्हिपेट कुत्रे तिकडे मोकळे धावायचे. या कुत्र्यांवर त्याचा एवढा जीव की लंडनच्या हॉटेलात त्यांच्यासाठी वेगळी खोली घ्यायचा आणि रूम सर्व्हिसमधून स्मोक्ड सामन मागवायचा अशी गोष्ट सांगतात. गावात जाऊन कोणाचं घर शोधायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं, तुम्हीही शोधू नका. टेकडी चढायची.

बस आहे पण कमी, म्हणून टॅक्सी केली. ड्रायव्हरने विचारलं कुठून, कशाला, मी सांगितलं, तर त्याने सिग्नलला फोन काढून 'क्लब कंट्री' लावलं आणि पुढची वीस मिनिटं एकही शब्द न बोलता स्टिअरिंगवर ताल धरत गाडी चालवली. उतरताना म्हणाला, माझ्या मोठ्या भावाची रेकॉर्ड होती, मी झिजवली, अजून बोलत नाही माझ्याशी. त्याचं इंग्लिश समजायला जरा वेळ लागला पण ताईला पूर्ण समजत होतं, ती इतकी वर्षं उत्तरेत राहिलीय म्हणून.

बॅल्केलोच्या जंगलापासून वाट वर जाते. तासाभराची चढण आहे, सोपी, पण वारा इतका की दोन ठिकाणी आम्ही चक्क बसून घेतलं. पिवळी काटेरी झुडपं फुललेली आणि त्यांना ओल्या नारळासारखा वास, मला आधी वाटलं ताईच्या क्रीमचा आहे. वरून एका बाजूला डंडी, टे आणि फाइफ, दुसऱ्या बाजूला मोठे डोंगर, माथ्यावर अजून बर्फाचे पट्टे. वर एक जोडपं भेटलं आणि त्यांच्याबरोबर दोन व्हिपेट, अंगात लोकरीची जॅकेटं! मी विचारलं हात लावू का. त्यातली करडी कुत्री सरळ माझ्या पायात येऊन टेकून उभी राहिली, बारीक थरथरत, मी तिच्या मानेवर हात ठेवला तर कातडीखाली प्रत्येक हाड लागत होतं आणि अंग भट्टीसारखं गरम. पाच मिनिटं ती हललीच नाही. मालक म्हणाला वाऱ्यापासून आडोसा म्हणून उभी आहे. असेल. मला काय, मी खूश.

टीप: मे असला तरी विंडचीटर आणि कानटोपी हवीच. छत्रीचा काही उपयोग नाही, उलटी होते. परतीची टॅक्सी आधीच सांगून ठेवा, वर नेटवर्क येतं-जातं. उजेड रात्री दहापर्यंत असतो त्यामुळे दुपारी उशिरा निघालं तरी चालतं.

रविवार : बाल्गे हिल

पाऊस. बारीक, न थांबणारा.

बाल्गे हिलवर एका बाजूला पार्क आहे, माथ्यावर मिल्स ऑब्झर्व्हेटरी (1935 ची, सामान्य लोकांसाठी मुद्दाम बांधलेली ब्रिटनमधली पहिली वेधशाळा), आणि मधल्या खिंडीवरच्या पुलाने पलीकडे गेलं की दफनभूमी. बिली इथे आहे. 1997 च्या 22 जानेवारीला त्याने आयुष्य संपवलं, वय 39. काही महिन्यांपूर्वी आई गेली होती आणि तो त्यातून बाहेर आला नाही. नवीन करार झालेला होता, गाणी तयार होती, ती नंतर 'बियॉन्ड द सन' म्हणून आली. क्युअर बँडचा रॉबर्ट स्मिथ, ज्याने असोसिएट्सच्या पहिल्या अल्बमवर मागे आवाज दिला होता, त्याने पुढे बिलीवर एक गाणं लिहिलं, शेवटच्या भेटीत नीट वेळ दिला नाही याची खंत सांगणारं.

दगडावर काय लिहिलंय, कोणी काय ठेवलं होतं ते इथे लिहीत नाही, ते तिथेच राहू दे. ताई छत्री धरून मागे उभी होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, "एवढा मोठा होता तर मग नाव का नाही झालं रे?"

याचं उत्तर मी तिला पुलावर उभं राहून दिलं आणि बरंच लांबलं. 'सल्क' टॉप टेनमध्ये होता, मेलडी मेकर या संगीत साप्ताहिकाने तो वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हटला, अमेरिकेतून मोठा करार समोर होता, दौरा ठरला होता आणि बिलीने ऐन वेळी नको म्हटलं. रँकिन निघून गेला. बास, संपलं. त्यानंतर बिलीने नावं तीच ठेवून, माणसं बदलून अल्बम काढले, एक तर कंपनीने तयार असून दाबून ठेवला आणि तो 2002 मध्ये, बिली गेल्यावर पाच वर्षांनी बाहेर आला. लेखांमध्ये हे सगळं नेहमी 'वाया गेलेली प्रतिभा' या सुरात येतं आणि मला ते अजिबात पटत नाही. काय वाया गेलं? 1980 ते 82 मध्ये या दोघांनी जे केलं ते पूर्ण आहे, त्यात काही कमी नाही. अमेरिकेचे दौरे केले असते, स्टेडियम भरली असती तर 'सल्क' जास्त चांगला झाला असता का? नाही ना. आणि त्याला गर्दी नको होती, त्याला डंडीला परत यायचं होतं, कुत्र्यांकडे यायचं होतं, तर तो आला. शेवट फार वाईट झाला, पण म्हणून आधीची सगळी गाणी त्या शेवटाच्या चष्म्यातून ऐकायची हे मला त्याच्यावर अन्याय वाटतं. 'पार्टी फिअर्स टू' ऐका, त्यात तो हसतोय, उड्या मारतोय, वरचा सूर लावून परत खाली येताना मजा घेतोय.

ताई म्हणाली, "बरं, बरं, रागावू नकोस. आता ऐकव मला." पावसातच एक इअरफोन तिच्या कानात, एक माझ्या. ती पूर्ण ऐकून म्हणाली, "हा बाईचा आवाज आहे की पुरुषाचा?" आणि मग, "परत लाव."

सोमवार : आर्ब्रोथ आणि परत

ऊन पडलं. डंडीहून ट्रेनने वीसेक मिनिटांवर आर्ब्रोथ, तिथे फक्त स्मोकी खायला गेलो. हॅडॉक मासा मीठ लावून, शेपट्यांनी दोन दोन बांधून लाकडाच्या धुरावर पिंपात टांगतात आणि वरून ओली तागाची पोती टाकतात. ताग इथेही! कागदात गुंडाळलेला गरम मासा हातात मिळतो, मधला काटा एका ओढीत निघतो आणि मांस बोटांनी खायचं, बाकी काही लागत नाही. ताईने एक खाल्ला, मग दुसरा, आणि मग दोन घरी न्यायला बांधून घेतले. टीप: खऱ्या स्मोकी आर्ब्रोथच्या आसपासच्या 8 किलोमीटरमध्येच बनतात, दुकानातल्या पॅकबंदपेक्षा बंदराजवळच्या धुरीघरातून घ्या आणि दुपारच्या आत जा. डब्यात मात्र दोन वेळा गुंडाळून ठेवा, आमच्या ट्रेनच्या डब्यात सगळ्यांना कळलं आम्ही कुठून आलो ते.

परतीच्या ट्रेनमध्ये ताईने क्रम विचारला, कुठून सुरुवात करू. तिला जे लिहून दिलं तेच इथे देतो. आधी 'पार्टी फिअर्स टू' आणि 'क्लब कंट्री', मोठ्या आवाजात, दिवसा. आवडलं तर लगेच पूर्ण 'सल्क', सलग, मध्ये न थांबता. मग 'फोर्थ ड्रॉवर डाउन', त्यातलं 'व्हाइट कार इन जर्मनी' रात्री हेडफोनवर. त्यानंतर 'द अफेक्शनेट पंच'. नंतरच्या काळातलं म्हणाल तर 1987 चं येलो या स्विस बँडबरोबरचं 'द रिदम डिव्हाइन', गायलंय शर्ली बॅसीने पण लिहिण्यात बिलीचा हात आहे आणि मागे त्याचा आवाज पण आहे. 'बियॉन्ड द सन' सगळ्यात शेवटी. पहिले तीन अल्बम 2016 मध्ये नीट रीमास्टर होऊन परत आलेत, जास्तीच्या गाण्यांसकट, तेच घ्या.